भाव पडताना घेतलेलं घर : बडोद्यातलं एक प्रकरण

2020च्या नवरात्रातली गोष्ट. त्या वर्षी गरब्यांना परवानगी नव्हती, त्यामुळे रात्री नऊलाच आमचा दांडिया बाजार भाग सामसूम झालेला. माझी भाची आणि जावई आमच्याकडे आले ते तीन घरांचे कागद एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालूनच.

“मावशी, जो तो म्हणतोय भाव पडलेत, आत्ताच घ्या. हे म्हणतात अजून पडणार, थांबू या. तू इतकी वर्षं कर्जाच्या फायली बघितल्यास, तूच सांग.”

मी एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात सत्तावीस वर्षं काढली. त्या रात्रीपासून 2026 उजाडेपर्यंत या घराचं काय काय झालं ते दोघांच्या संमतीने इथे लिहिते आहे. आकडे भाचीच्या वहीतले आहेत.

माणसं आणि पैसा

जावई मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात, पगार 48 हजार. भाची शाळेत शिक्षिका, 26 हजार. मांजलपूरमध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर, भाडं 11 हजार, लिफ्ट नाही. सोबत सासूबाई. त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळे लॉकडाउन उठल्यावरही त्या चार महिने खाली उतरल्या नव्हत्या.

साठवलेले 9 लाख होते. शिवाय शहरातल्या वाडी भागातल्या जुन्या वाड्यात जावयांचा हिस्सा, तो चुलतभावाने घ्यायचं कबूल केलेलं. 2019 मध्ये त्याने 16 लाखांची भाषा केली होती, 2020 मध्ये साडेचौदाच्या वर यायला तो तयार नव्हता.

यावरून जावई हळहळत होते. त्यांना म्हटलं, तुम्ही विकणारेही आहात आणि घेणारेही, तेव्हा दोन्ही हिशेब शेजारी मांडा. वाड्यात दीड लाख गेले. जे टेनामेंट, म्हणजे सोसायटीतलं स्वतंत्र घर, तुम्ही बघताय त्याचे मालक 2019 मध्ये 49 लाख मागत होते, आता 45 म्हणतात आणि आणखी उतरतील. लहान घर विकून मोठं घेणाऱ्याला पडता बाजार बहुतेक वेळा फायद्याचाच पडतो, कारण तोच टक्का मोठ्या रकमेवर जास्त पैसे देतो. मोठं विकून लहान घेणाऱ्याचं नेमकं उलटं होतं. मुलं परदेशी गेल्यावर बंगला विकून फ्लॅट घेणारे आमच्या गावात पुष्कळ आहेत, आणि त्या वर्षी त्यांनी थांबायलाच हवं होतं.

काळजीची गोष्ट दुसरीच होती. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत कारखान्याने जावयांचा पगार तीस टक्के कापला होता. घरांचे भाव ज्या कारणाने पडतात त्याच कारणाने बऱ्याचदा पगारही पडतात. स्वस्त घर आणि डळमळीत नोकरी एकाच वेळी दारात येतात. म्हणून घराचं काहीही बोलण्याआधी मी अट घातली, की सगळे खर्च भागून निदान सात-आठ हप्त्यांची रक्कम मुदत ठेवीत राहिली पाहिजे, आणि त्या ठेवीला रंगरंगोटीसाठी हात लावायचा नाही.

तीन घरं, स्वस्ताईची तीन कारणं

फोल्डरमधलं पहिलं घर वासणा-भायली रोडवरच्या टॉवरमधला फ्लॅट, काम चालू असलेला. बिल्डर 40 वरून 36 लाखांवर आला होता आणि वर म्हणत होता, ताबा मिळेपर्यंत हप्ता आम्ही भरू. दुसरं तरसालीच्या बाजूचं, एका जुन्या सोसायटीतलं टेनामेंट. मालक कुटुंबासह कॅनडाला निघालेले, विमानं बंद झाली म्हणून अडकलेले. तिसरा समा भागातला तळमजल्यावरचा फ्लॅट, विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्याचे 31 लाख मागत होते आणि हा 24 लाखांत मिळत होता.

भाचीचं मन तिसऱ्यावर बसलं होतं, आणि ते साहजिक होतं. 24 लाखांत कर्ज जवळजवळ लागलंच नसतं, सासूबाईंना जिना चढावा लागला नसता.

रविवारी आम्ही तिघं समाला गेलो. दलाल पुढे, आम्ही मागे. भिंती ताज्या रंगवलेल्या, क्रीम रंग, अजून वास जायचा होता. मी भिंती बघितल्याच नाहीत, स्विचबोर्ड बघितले. घरातले सगळे बोर्ड माझ्या छातीच्या उंचीवर आणलेले होते. फ्रिजचा प्लगसुद्धा. त्यांच्या खाली, नेहमीच्या जागी, लांबी भरून बुजवलेल्या चौकोनी खुणा रंगातून दिसत होत्या. भाचीने ओट्याखालचं कपाट उघडलं, तर प्लायवूडची कड पाण्यात पडलेल्या पुठ्ठ्यासारखी फुगलेली. दलाल म्हणाला, बाजार मंद आहे बेन, म्हणून भाव कमी.

मी शेजारच्या घरी पाणी मागायला गेले. आमच्या बडोद्यात पाणी मागितलं की माणूस बसायलाही सांगतो. बाईंनी मागचं सगळं सांगितलं. 31 जुलै 2019 ला चोवीस तासांत जवळजवळ 500 मिलिमीटर पाऊस पडला होता. रात्री पाणी घरात शिरलं तेव्हा त्यांचा गॅसचा सिलिंडर स्वयंपाकघरात तरंगत होता, आणि पाणी ओसरेपर्यंत सगळं कुटुंब वरच्या मजल्यावरच्या लोकांकडे होतं. सोसायटीच्या रस्त्यावर मगर दिसल्याचं त्यांनी अगदी सहज सांगितलं. बडोदेकराला त्याचं नवल वाटत नाही, विश्वामित्रीत मगरी आहेतच.

परत येताना भाची गाडीत गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे भाव पडलेला नाही. या घराचाच भाव तेवढा आहे.”

या प्रकरणात मला सांगायचं आहे ते तिने त्या एका वाक्यात पकडलं. बाजार पडत असताना प्रत्येक स्वस्त घरावर ‘मंदी’ हीच चिठ्ठी लागते, पण स्वस्ताईची कारणं वेगळी असतात आणि घर घेतल्यावर ती कारणं वेगळ्या तऱ्हेने वागतात. विकणाऱ्याला घाई असेल, तर दस्तावेज, म्हणजे खरेदीखत, झाला की घाई त्याच्याबरोबर निघून जाते आणि सूट तुमच्याकडे राहते. घरातच खोट असेल, तर ती खोट तुमच्या नावावर चढते, आणि पुढे तुम्ही विकायला काढाल तेव्हा तुम्हालाही तेवढीच सूट द्यावी लागते. बिल्डरकडे रोकड नाही म्हणून घर स्वस्त असेल, तर त्याची तंगी पुढची दोन-तीन वर्षं तुमच्या घरी मुक्कामाला येते.

भायलीच्या टॉवरचं तेच होतं. गुजरात रेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचं पान आम्ही उघडलं. बिल्डरला दर तिमाहीला काम किती झालं, किती घरं नोंदली गेली हे तिथे भरावं लागतं. सलग तीन तिमाह्या कामाचा टक्का जेमतेम हललेला. लॉकडाउन होता हे खरं, पण हा थांबा लॉकडाउनच्या आधीपासूनचा होता. नोंदणीही अर्ध्याच्या आत. रेरा कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात, त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी आणि बांधकामासाठी ठेवावे लागतात. पण ग्राहकच येत नसतील तर त्या खात्यात येणार काय? पडत्या बाजारात अर्धवट इमारत अडकते ती अशी. नवे ग्राहक आटतात, त्यांच्या पैशावर चढायचा स्लॅब थांबतो, आणि थांबलेला स्लॅब बघून आणखी ग्राहक पाठ फिरवतात.

‘हप्ता आम्ही भरू’ या गोष्टीवर मी बरीच कडक बोलले. कर्ज तुमच्या नावावर, सही तुमची. बिल्डरने चार महिने भरून पाचव्या महिन्यापासून हात वर केले तर नोटीस तुम्हाला येणार आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचा गुणांक, तुमचा बिघडणार. असल्या योजनांमधून कर्ज देऊ नका, असं राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने जुलै 2019 मध्ये गृहवित्त कंपन्यांना बजावलं होतं. तरी पुढच्या वर्षी आमच्या हातात हे माहितीपत्रक होतंच. बिल्डरचा माणूस दीड वर्षात ताबा म्हणत होता आणि 20 टक्के लगेच मागत होता. रेराच्या कलम 13 प्रमाणे नोंदणीकृत करार, म्हणजे आपल्याकडचं बानाखत, झाल्याशिवाय 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. भाचीने फोनवर हे विचारल्यावर तो माणूस ‘सरांशी बोलून सांगतो’ म्हणाला. पुन्हा त्याचा फोन आला नाही.

खरा भाव किती उतरला, हे कसं कळलं

बाजार पडतो तेव्हा आधी व्यवहार आटतात, भाव फार मागाहून उतरतात. बिल्डर फलकावरचा दर कमी करत नाही, कारण आधीच्या ग्राहकांशी भांडण होतं आणि बँकेने प्रकल्पाला दिलेलं कर्जही त्याच दरावर बेतलेलं असतं. त्याऐवजी तो पार्किंग फुकट देतो, किचन करून देतो, दस्तावेजाचा खर्च उचलतो. घरमालकाच्या डोक्यात शेजाऱ्याला पाच वर्षांपूर्वी मिळालेला आकडा बसलेला असतो. त्याला तो सोडवत नाही, तो घर रिकामं ठेवतो. भारतात 2014 ते 2019 या काळात बहुतेक शहरांत हेच झालं. कागदावरचे भाव जागच्या जागी, महागाई मात्र वर, म्हणजे घर मुकाट्याने स्वस्त होत गेलं. नोटाबंदी आणि रेराच्या पाठोपाठ 2018च्या हिवाळ्यात गृहवित्त कंपन्यांची रोकड आटली. एकामागून एक झटके बसले, पण वर्तमानपत्रात ‘भाव कोसळले’ असा मथळा कधी आला नाही.

तरसालीच्या सोसायटीत आम्ही दोन वर्षांतल्या दस्तावेजांच्या इंडेक्सच्या, म्हणजे सरकारी नोंदणीतल्या सारांशाच्या, नकला काढल्या. चार विक्र्या सापडल्या. दस्तावेजात लिहिलेला आकडा नेहमी पूर्ण नसतो, काही रोखीत फिरलेलं असतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांशीही बोललो. दोन्ही जुळवल्यावर चित्र असं निघालं : 2019च्या सुरुवातीला अशा टेनामेंटला 47-48 लाख खरोखर मिळत होते. 2020च्या जूननंतर एकच विक्री, 44 लाखांना.

थांबावं का?

जावयांचं म्हणणं मी उडवून लावलं नाही, कारण नुसत्या आकड्यांनी बघितलं तर त्यांचंच बरोबर होतं. वहीतलं ते पान अजून आहे. 25 लाख कर्ज 7 टक्क्यांनी, पहिल्या वर्षीचं व्याज साधारण 1 लाख 75 हजार. घरात घातलेले स्वतःचे 22 लाख बँकेत राहिले असते तर साडेपाच टक्क्यांनी वर्षाला 1 लाख 20 हजार. एकूण 2 लाख 95 हजार. भाड्याचे मात्र वर्षाला 1 लाख 32 हजार. म्हणजे स्वतःच्या घरात राहणं वर्षाला 1 लाख 63 हजारांनी महाग. वर्षभर थांबून घराचा भाव पावणेचार टक्क्यांपेक्षा जास्त वाढला नसता, तर थांबणाराच जिंकला असता.

‘कर वाचतो ना’ हे दलालाचं पालुपद. आम्ही तेही तपासलं. जावयांच्या उत्पन्नातून प्रमाणित वजावट आणि भविष्य निर्वाह निधी वजा केल्यावर आकडा पाच लाखांच्या आत येत होता, म्हणजे सवलतीनंतर कर शून्यच. भाचीचंही तेच. मग व्याजाच्या वजावटीने वाचायचं काय? दोन लाखांची ती वजावट तेव्हा मोठा पगार असलेल्यांच्या कामाची होती. माझ्या समोर वर्षानुवर्षं लोकांनी न मिळणारी करसवलत हिशेबात धरून कर्जं घेतली आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आणि तळ कुणाला दिसतो? अमेरिकेत 2006 मध्ये भाव शिखरावर होते. 2008 मध्ये ‘आता पुष्कळ पडलेत’ म्हणून ज्यांनी घेतलं त्यांना पुढे 2012 पर्यंत भाव उतरताना बघावे लागले, शिखरापासून एकंदर पाव हिस्सा गेला. जपानमध्ये 1991 नंतर जमिनीचे भाव दशकभराहून जास्त काळ घसरत राहिले. बाजार पडतोय एवढ्यावरून तो कुठे थांबेल हे कळत नाही.

तरीही मी त्यांना तरसालीचं घर घ्या म्हटलं. कारण जी सूट मिळत होती ती त्या मालकांच्या जानेवारीच्या तिकिटाची होती, बाजाराची फारशी नव्हती. बाजार वर्षभर थांबला असता, ते तिकीट थांबलं नसतं. दुसरं म्हणजे हे दोघं तिथे निदान पंधरा वर्षं राहणार होते. दोन-तीन वर्षांत बदली होणाऱ्याला मी तेव्हा ‘भाड्याने राहा’ असंच सांगितलं असतं आणि आजही सांगेन. आणि तिसरं, सासूबाईंचे गुडघे. वहीच्या त्या पानावर त्यांना रकाना नव्हता, पण निर्णयात मी त्यांना धरलं.

सौदा

मालक भले गृहस्थ होते. ओसरीत पितळी कड्यांचा मोठा झोपाळा, त्यावर बसून बोलणं झालं. जावई 42 म्हणाले. मालक हात जोडून म्हणाले, “बेन, आटलामां नहीं थाय,” एवढ्यात नाही जमायचं. मग चहा झाला, आणि त्यांच्या बाईंनी भाचीला मागचं अंगण दाखवलं. विहीर बुजवलेली होती, तिथे पपई लावलेली. भाचीने तेवढ्यात त्यांच्याकडून काढून घेतलं, की बरेच लोक बघून गेले पण कुणाचं कर्ज मंजूर नाही. आमच्याकडे बँकेचं मंजुरीपत्र होतं. पडत्या बाजारात असा ग्राहक दुर्मिळ असतो, आणि तीच त्याची ताकद असते. 43 लाख 50 हजारांवर जमलं, झोपाळ्यासकट.

मालकांनी आठ लाख रोख मागितले. भाचीने हसूनच नाही म्हटलं. कर्ज दस्तावेजातल्या रकमेवर मिळतं, रोखीचं ओझं सगळं आपल्या खिशावर येतं. त्यात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घर-जमिनीच्या व्यवहारात घेणं कायद्याने गुन्ह्यासारखंच, दंड तेवढ्याच रकमेचा. मालकांना जायचं होतं, ते पूर्ण चेकवर तयार झाले.

दस्तावेज ते निघण्याआधी, डिसेंबरातच करायचा हा माझा हट्ट. तेव्हाच्या नियमाने ते एकदा अनिवासी झाले की रक्कम कितीही असो, घेणाऱ्याला त्यांच्या भांडवली नफ्यावर वीस टक्क्यांहून जास्त कर कापून भरावा लागायचा, आणि कर कापणाऱ्याचा वेगळा टॅन नंबर काढावा लागायचा. निवासी विकणाऱ्याला मात्र पन्नास लाखांच्या आतल्या घरावर काहीच कापायचं नसतं. घाईत परदेशी निघालेल्यांची घरं स्वस्त मिळतात, पण ते विमानात बसल्यावर तोच व्यवहार किचकट होतो.

नाव कुणाचं लावायचं यावर एक संध्याकाळ गेली. गुजरातेत घर फक्त बायकांच्याच नावावर घेतलं तर 1 टक्का नोंदणी फी माफ, म्हणजे 43 हजार 500 वाचले असते. पण वाड्याचा हिस्सा जावयांचा, त्यावरच्या नफ्याचा कर आयकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम 54 खाली वाचवायचा तर नव्या घरात त्यांचं नाव हवं. केवळ पत्नीच्या नावावर घेतलेल्या घराबद्दल न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. मी म्हटलं, 43 हजारांसाठी आयकराचं भांडण घरात आणू नका. दोघांची नावं लागली.

शेवटचा हिशेब असा झाला. घर 43,50,000. मुद्रांक शुल्क 4.9 टक्क्यांनी 2,13,150. नोंदणी 43,500. वकील, बँकेची फी, किरकोळ दुरुस्ती 80 हजार. एकूण 46,86,650. कर्ज 25 लाख, स्वतःचे 21,86,650. साठवलेले आणि वाड्याचे मिळून साडेतेवीस लाख होते, त्यातून 1,63,350 उरले. हप्ता 19,382 रुपये, म्हणजे आठ हप्त्यांची ठेव झाली.

पुढे काय झालं

तळ त्यांना सापडला नाही. 2021 मध्ये दुसऱ्या लाटेनंतर त्याच सोसायटीतलं, यांच्याइतकंच एक टेनामेंट 42 लाखांना गेलं. जावयांनी मला ते फोन करून सांगितलं, आवाज जरा उतरलेला. दीड लाखाने चुकलो म्हणाले. मी विचारलं, आई कुठे आहेत? ओसरीत झोपाळ्यावर, म्हणाले.

खरा फटका बसला तो व्याजाचा, आणि तिथे माझं चुकलं होतं. कर्ज रेपो दराशी, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याच्याशी, जोडलेलं. डिसेंबर 2020 मध्ये रेपो 4 टक्के होता. दर वाढतील हे मी सांगितलं होतं, पण हिशेब एक टक्का वाढ धरूनच करायला लावला होता. मे 2022 पासून रिझर्व्ह बँकेने दर चढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत रेपो साडेसहावर गेला. अडीच टक्के! 7चं कर्ज साडेनऊवर. बँकेने हप्ता तोच ठेवला आणि मुदत वाढवत नेली, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही.

एका संध्याकाळी भाचीने कर्जाचा उतारा उघडला. 19,382 रुपयांच्या हप्त्यातले 18,604 व्याजात आणि 778 मुद्दलात. साडेतेवीस लाख अजून शिल्लक. या चालीने कर्ज फिटायला चौतीस वर्षं लागली असती. तिने मला तो आकडा वाचून दाखवला आणि म्हणाली, “मावशी, तेव्हा मी सत्तरी ओलांडलेली असेन.”

2020 चा घराचा भाव त्यांनी पक्का केला होता, व्याजाचा भाव पक्का केला नव्हता. पडत्या बाजारात व्याजही बऱ्याचदा उतरलेलं असतं आणि माणूस दोन्ही स्वस्ताया एकत्र मोजतो. त्यातली पहिली कायमची, दुसरी नाही. आता मला कुणी विचारलं तर हप्ता तीन टक्के जास्त व्याजाने काढून बघायला लावते, आणि तो झेपत नसेल तर घर कितीही स्वस्त असो, लहान घर बघा म्हणते.

ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, की दर बदलला की ग्राहकाला हप्ता वाढवायचा की मुदत, याची निवड द्या. भाचीने शाखेत अर्ज देऊन हप्ता 23 हजार करून घेतला. महिन्याला साडेतीन हजारांहून जास्त. वर्षभर त्यांच्याकडे गाडीचा विषय निघाला नाही. ती मुदत ठेव मात्र जागेवर राहिली.

एप्रिल 2023 मध्ये गुजरात सरकारने जंत्री, म्हणजे मालमत्तेचे सरकारी दर, वाढवली; जमिनीचे दर दुप्पट केले. 2011 नंतर पहिल्यांदा. जंत्री वर जाते आणि बाजार खाली, तेव्हा एक निराळाच पेच होतो. समजा घर जंत्रीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त स्वस्तात मिळालं, तर आयकर खातं तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरतं, आणि मुद्रांक शुल्कही जंत्रीवरच भरावं लागतं. जुन्या जंत्रीमुळे यांना हा प्रश्न आला नाही. आज घासाघीस करून घर घेणाऱ्याने आधी जंत्री बघावी.

मग 2024 चा ऑगस्ट आला. विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली, धोक्याच्या खुणेच्या कितीतरी वर. समा, अकोटा, फतेगंज, सगळीकडे पाणी. आमचा दांडिया बाजार दोन दिवस अंधारात होता. तरसालीत रस्त्यावर गुडघाभर पाणी आलं आणि ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर थांबलं. भाचीने तिसऱ्या पायरीवर खडूने रेघ मारून ठेवली होती, रात्रभर दोघं आलटूनपालटून टॉर्चने बघत होते.

पाणी ओसरल्यावर ती एकटीच स्कूटरवर समाला जाऊन आली. तो तळमजल्याचा फ्लॅट कुणीतरी घेतला होता. दारात ओल्या गाद्या, मुलांची पाठ्यपुस्तकं उन्हात पसरलेली. घरातली बाई चिखल उपसत होती. भाचीने खराटा उचलला आणि दुपारपर्यंत तिथेच राहिली. त्या बाईंना तिने काही विचारलं नाही. संध्याकाळी मला इतकंच म्हणाली, “मावशी, त्यांना कुणी स्विचबोर्डचं सांगितलंच नसेल गं.”

2025 मध्ये रेपो उतरत गेला, डिसेंबरात सव्वापाचवर आला. बँकेचं पत्र आलं, हप्ता कमी करायचा का? भाचीने 23 हजारच ठेवला. शिल्लक साधारण 21 लाख 80 हजार, व्याज सव्वाआठ. या चालीने कर्ज 2038च्या अखेरीस फिटतं, मूळ मुदतीच्या दोन वर्षं आधी.

गेल्या आठवड्यात जावयांच्या कारखान्यातला एक मुलगा त्यांच्याकडे आला होता, लग्न ठरलेला, हातात एका नव्या टॉवरचं माहितीपत्रक. भाव पडलेत म्हणतात काका, घेऊ का, म्हणाला. जावयांनी झोपाळ्यावरची उशी बाजूला करून त्याला बसवलं आणि पहिलंच विचारलं, “तो बिल्डर आत्ता स्वस्त का देतोय?”